सत्तावीसवरची दुपार

एसीवाल्याला लोक बोलावतात ते मशीन चालत नाही म्हणून. मी त्यांच्या घरी जातो, स्टुलावर बसतो, दिलेला चहा घेतो आणि मशीन आपणहून थांबायची वाट बघत राहतो. घरमालक चुळबुळ करायला लागतो. ‘अहो, काहीतरी उघडून बघा की,’ म्हणतो. मी म्हणतो, थांबा जरा. मग कधीतरी बाहेरच्या युनिटमधून ‘खट्’ असा आवाज येतो, घरघर थांबते आणि खोलीत पंख्याचा तेवढा आवाज उरतो. माझ्या उभ्या धंद्यात याच्याइतका गोड आवाज मी ऐकला नाही. तो वेळेवर आला तर मशीन ठीक आहे, खोली ठीक आहे आणि खोलीतलं माणूसही बहुधा ठीक आहे. आलाच नाही, तर तिघांपैकी कुणीतरी बिघडलेलं असतं. नव्या इन्व्हर्टर मशीनला हा आवाज नाही, ती नुसती हळू होतात. माझे कान अजून जुन्याच सवयीचे आहेत.

मी मूळचा बर्फातला माणूस. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला लागलो, तेव्हा रत्नागिरीत एसी म्हणजे बँकेच्या साहेबाच्या केबिनमध्ये असायची वस्तू होती. बर्फाचं मशीन थांबलं की मच्छीवाले शिव्या घालायचे, कारण होड्या लागलेल्या असायच्या आणि मासळी कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे मशीन अखंड चालवणं हेच मी आधी शिकलो. पुढे मिरजोळ्याच्या एमआयडीसीत स्वतःची शेड टाकली आणि घरोघरचे एसी बघायला लागलो, तेव्हा सगळंच उलटं शिकावं लागलं. घरचं मशीन जितकं कमी चालेल तितकं बरं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जेवताना आपण पानावर आडवा हात धरून ‘पुरे’ म्हणतो ना, थर्मोस्टॅटचं काम तेवढंच. खोली ठरवलेल्या आकड्यापर्यंत आली की तो मशीनला ‘पुरे’ म्हणतो. आता तुम्ही सोळाचा आकडा लावलात तर खोली लवकर थंड होते, असा पुष्कळांचा समज आहे. तसं काही होत नाही. मशीन आपल्या नेहमीच्या चालीनंच चालतं, फक्त हात आडवा धरायला कुणी नसतं म्हणून ते वाढतच राहतं. आपल्या कोकणातल्या उन्हाळ्यात सोळापर्यंत खोली जातच नाही. मशीन धापा टाकतं, मीटर पळतो आणि महिन्याअखेरीस लोक वीज मंडळाला नावं ठेवतात.

दुसरी गोष्ट, आपला त्रास उन्हापेक्षा घामाचा. देशावरचा उन्हाळा भाजतो, आपला उकडून काढतो. हवेतला ओलावा निघाला की अर्धं काम होतं. म्हणून मी सगळ्यांना सांगत आलो की सव्वीस-सत्तावीसवर ठेवा, डोक्यावरचा पंखा मंद चालू द्या, दार लावून घ्या आणि जाळी धूत जा. एवढं केलंत तर बिल तुम्हाला घाबरवणार नाही. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. आमच्या गावातले एक वकील अठरावर एसी लावून वर रजई घेऊन झोपायचे. मी म्हटलं, ‘साहेब, थंडी विकत घ्यायची आणि मग तिच्यापासून पळायचं, हा कुठला न्याय?’ तर म्हणाले, ‘रजईत मजा येते हो.’

गणपतीपुळ्याच्या एका लॉजवाल्यानं एसी बसवले आणि खोल्यांतले पंखे काढून टाकले. पंखा गरिबाचा वाटतो म्हणे. येणारे पाहुणे सोळा लावायचे आणि समुद्राचा आवाज ऐकायला गॅलरीचं दार सताड उघडं ठेवायचे. मालक मला म्हणाला, ‘सगळी मशिनं चोविसाला कुलूपबंद करून द्या.’ करून दिली. पहिल्याच शनिवारी कोल्हापूरकडच्या एका पाहुण्यानं त्याला अंगणात उभा करून असं काही सुनावलं की गणपतीच्या रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. शेवटी मी त्याला पंखे पुन्हा लावायला लावले. पंखा फिरायला लागल्यावर चोविसाची तक्रार कुणी केली नाही. माणसाला अंगावर वारा लागतो आहे असं वाटलं की तो आकडा बघत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. पण आकडा कोण लावतो आणि कुणासाठी लावतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो खैरूनचाचींच्या घरी पडला.

झालं असं की एका सकाळी मला कुवेतवरून फोन आला. फोन करणाऱ्याचं नाव रियाज. खाडीपलीकडच्या गावातला मुलगा, कुवेतला बांधकामावर फोरमन. बाप जहाजावर होता, तो वारलेला. बहीण लग्न होऊन चिपळूणला. घरी आई, म्हणजे खैरूनचाची, एकटी; तिच्यासाठी त्यानं जुन्या कौलारू घराला लागून एक स्लॅबची खोली बांधली होती आणि तिच्यात मोबाइलवरून चालणारा एसी बसवला होता.

‘काका, बिल मी इथनं भरतो, लई येतं,’ रियाज म्हणाला. ‘पण ह्या मशीनचा काहीतरी घोळ हाय. एकदा लागला की मधी थांबतच नाय. एकदा बगून या ना. मशीन बदलायला लागलं तरी चालंल, पण मांला उकाड्यात ठेवू नका.’

मी त्याच दुपारी गेलो. चाची पडवीत खोलीच्या दारालगत पाटावर बसून सुपातला लसूण सोलत होत्या. वय सत्तरीच्या आसपास, डोक्यावरून पांढरी ओढणी, आवाज खणखणीत. खोलीचं दार सताड उघडं आणि आतून बर्फाच्या कारखान्यासारखा गारवा बाहेर येत होता. मशीनवर आकडा अठरा. पलंगावर कुणी झोपल्याची खूण नव्हती. चादरीवर ओलं फडकं टाकून त्याखाली अळूची पानं, माठाची जुडी आणि केळीची फणी नीट निजवून ठेवली होती.

‘चाची, हे काय?’

‘रियाज रोज थंडी पाठवतो,’ त्या म्हणाल्या. ‘ती फुकट कशाला घालवू? भाजी टवटवीत ऱ्हाते.’

मला हसू आवरेना. मग हळूहळू सगळं समजलं. रियाज तिकडे बसून इकडचं मशीन चालवत होता. दुपारची नमाज झाली की अठरावर एसी लागायचा तो संध्याकाळपर्यंत. चाचींना आत बसवेना. गुडघे धरायचे, कान दुखायचे. म्हणून त्या दार उघडून पडवीत बसायच्या. बाहेर येणारा गारवा त्यांना बेताचा वाटायचा. मशीन बिचारं पडवी, अंगण आणि समोरचा फणस एवढं सगळं अठरापर्यंत न्यायचा प्रयत्न करत होतं. त्याला ‘पुरे’ म्हणायची वेळ येणार तरी कधी?

‘अहो, मग सांगायचं ना त्याला!’

चाचींनी लसणाची पाकळी हातात तशीच धरली. ‘तो रोज इचारतो, मां, थंड वाटतंय ना? मी हाव म्हणते. मेस्तरी, तो ल्हान होता तेव्हा ह्या घरात वीज नवती. त्याला गरमीचे फोड यायचे. मी विंझणा घेऊन वारा घालीत बसायची. आता त्याच्या मनात तेच हाय. त्याला सांगू की तुझा वारा मना नको? तुम्ही त्याला कायपण सांगा, हे सांगू नका.’

आता आली का पंचाईत. गिऱ्हाईक मुलगा, त्याला बिलाचं कारण हवं. कारण आईच्या हातात आणि ती म्हणते सांगू नका. मशीनमध्ये तर खोट काढायलाही जागा नव्हती. मी जाळी धुतली, खाऱ्या हवेनं गंजलेले बाहेरचे स्क्रू बदलले आणि उगीच वेळ काढला. एवढ्यात रियाजचाच फोन आला, व्हिडिओचा. हेल्मेट डोक्यावर, तोंड उन्हानं रापलेलं, गाडीत बसलेला.

‘काका, काय सापडलं?’

मी चाचींकडे बघितलं. त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी म्हटलं, ‘रियाज, मशीन उत्तम आहे. बाकीचं तुझी आई सांगेल.’ आणि फोन त्यांच्या हातात दिला. चाचींनी माझ्याकडे असं बघितलं की लसणाचं सूपच डोक्यात घालतात की काय असं वाटलं.

‘काय झालं मां?’

‘काय नाय रे.’

‘मां.’

‘अठराला माझे गुडघे धरतात रे,’ चाची एकदम म्हणाल्या. ‘मी भायेर बसते.’

रियाजनं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, ‘मंग इतके दिवस हाव हाव कशाला म्हणत होतीस?’

‘तुला बरं वाटावं म्हणून.’

‘मी इथं दिवसभर उन्हात आसतो मां. जेवायच्या सुट्टीत गाडीत येऊन बसलो की पयला मोबाइल बगतो. तिथं अठरा दिसलं की मनाच गार वाटतं.’

चाची रडल्या नाहीत. फोन माझ्या हातात देऊन आत गेल्या आणि पलंगावरची भाजी उचलून स्वयंपाकघरात ठेवून आल्या.

मग मी रियाजला माझी नेहमीची टेप ऐकवली. सत्तावीस, मंद पंखा, दार बंद. तो ऐकून घेत होता. शेवटी मी म्हटलं, ‘आणि मशीन तू लावायचं नाहीस. मोबाइलवरची वेळ काढून टाक. चाची स्वतः लावतील.’

‘ती लावणारच नाय,’ रियाज म्हणाला. ‘मी वळखतो तिला. बिल वाचवंल आणि घामाघूम होऊन बसंल.’

‘माझ्या हातानं लावीन,’ आतून आवाज आला. ‘अल्लाची कसम. नमाज झाली की लावीन.’

तह असा झाला. चाचींनी रोज दुपारची नमाज झाली की जेवून स्वतः एसी लावायचा आणि दार लावून पडायचं. रियाजनं मोबाइलवर बघायचं, पण बोट लावायचं नाही. रिमोटवर इतकी बटणं बघून चाचींचं डोकं गरगरायला लागलं, म्हणून मी सत्तावीस लावून, एक चालू-बंदचं बटण सोडलं आणि बाकी सगळ्यांवर चिकटपट्टी मारून टाकली. असले उपाय कंपनीच्या पुस्तकात नसतात, पण चालतात.

बिल उतरलं हे सांगायला नकोच. रियाजनं मला आवाजी निरोप पाठवला. आभार वगैरे झाल्यावर म्हणाला, ‘काका, बिलाचं सोडा. आधी मीच लावायचो, त्यामुळं मना काय समजायचं नाय. आता मांनं लावला की मोबाइलवर दिसतं. मना कळतं, तिची नमाज झाली, ती जेवली, आता पडली. मंग मी माझा डबा खोलतो.’ मी तो निरोप बायकोला ऐकवला. तिनं तो दोनदा ऐकला.

पुढच्या वर्षीच्या वैशाखातली गोष्ट. मी शेडमध्ये एक कंप्रेसर खोलून बसलो होतो, हात तेलानं माखलेले. रियाजचा फोन. ‘काका, आज मांनं एसी नाय लावला.’

‘अरे, लाइट गेली असेल. आपल्याकडे काय, रोजचंच आहे.’

‘लाइट गेली की मशीन दिसतच नाय मोबाइलवर. आज दिसतंय. नुसतं बंद हाय. आणि ती फोन उचलत नाय.’

‘कुणाच्या लग्नाला गेल्या असतील.’

‘सगळा मोहल्लाच लग्नाला गेलाय, कुणीच घरी नाय. पण मां गेली नसंल. मना सांगितल्याशिवाय ती उंबरा वलांडत नाय. काका, जाऊन याल? मी हिथनं लावू शकतो मशीन, पण लावून काय करू?’

त्याच्या त्या शेवटच्या वाक्यानं मी उठलो. हात पुसायलाही थांबलो नाही, स्कूटरच्या मुठी काळ्या झाल्या. पुलावरून जाताना मी स्वतःची समजूत घालत होतो. म्हातारं माणूस आहे, डोळा लागला असेल, विसरल्या असतील. पण कसम घेतल्यापासून ती बाई एक दुपार चुकली नव्हती.

पडवीत पाट होता, फोन चार्जिंगला लावलेला होता, त्यावर रियाजचे कितीतरी मिस्ड कॉल. खोली नीटनेटकी, रिमोट उशाशी. मी हाका मारल्या. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची न्हाणी होती, तिकडून काहीतरी सरपटल्यासारखा आवाज आला. दार लोटलं तर चाची ओल्या फरशीवर आडव्या पडलेल्या. नमाजाआधीचे हातपाय धुवायला, वजू करायला गेल्या आणि पाय घसरला. खुब्याचं हाड गेलं होतं, हलता येत नव्हतं. वरचा पत्रा तापून आत तव्यासारखं झालेलं. ओठ कोरडे पडले होते, आवाज फुटत नव्हता.

मी ओंजळीनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि म्हणाल्या, ‘मेस्तरी, रियाजला सांगू नका.’

‘चाची,’ मी म्हटलं, ‘त्यानंच पाठवलंय मला.’

त्यांना आधी समजलं नाही. मी सांगितलं, तुम्ही एसी लावला नाहीत ना, म्हणून. तेव्हा मात्र त्या रडल्या. पाय मोडला त्याला रडल्या नव्हत्या.

पुढचं सगळं धावपळीचं. नाक्यावरून टेम्पोवाला बोलावला, खोलीतली गादी त्यात टाकली, दोघांनी मिळून त्यांना उचललं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत त्या पत्र्याखाली पडून राहिल्या असत्या तर आम्ही पाय बघत बसलो नसतो. लेक चिपळूणवरून आली, रियाज मिळेल त्या विमानानं आला. पाय जोडला गेला. आता चाची काठी घेऊन चालतात, आणि न्हाणीत मी स्वतः उभा राहून खडबडीत फरशी बसवून घेतली आहे, तो माझा धंदा नसला तरी.

रियाज परत जायच्या आधी शेडवर आला होता. येताना मोठा खजुराचा डबा आणला. बराच वेळ यंत्रं बघत बसला, मग म्हणाला, ‘काका, मशीन माझ्याच हातात ऱ्हायलं आसतं तर त्या दिवशी काय झालं आसतं, म्हायत्ये?’ मला माहीत होतं. ते ठरल्या वेळेला आपोआप लागलं असतं. मोबाइलवर अठरा दिसलं असतं, त्याला गार वाटलं असतं आणि त्यानं डबा उघडला असता.

मी आता कामं कमी केली आहेत. शिडीवर चढायला गुडघे नाही म्हणतात. नवी मुलं चांगली आहेत, हुशार आहेत, पण दुकानदार लहान खोलीला मोठी मशिनं विकतात आणि ही मुलं बसवून मोकळी होतात, ‘पुरे’ म्हणायला कुणी शिकवत नाही याची मला खंत वाटते. आयुष्यभर लोकांना आकडे सांगितले. त्या खोलीत कोण निजतं, त्याला काय सोसतं, हे आधी विचारायचं असतं ते मला फार उशिरा सुचलं.

जाताना रियाजनं माझ्याही मोबाइलवर चाचींचं मशीन जोडून दिलं आहे. ‘काका, माझं नेट कधी चालतं, कधी नाय. तुमी पण बगत ऱ्हावा.’ कामाच्या यादीत ते नाही, त्याचं बिलही नाही. आमच्याकडे पलीकडच्या आळीतल्या मशिदीची दुपारची बांग ऐकू येते. ती झाली की मी हातपाय धुतो, पाटावर बसतो आणि मोबाइल समोर ठेवतो. बायको भाताचं पातेलं घेऊन उभी असते.

‘लागला का चाचींचा?’

मी बघत असतो. कधी लगेच लागतो, कधी जरा वेळ लागतो, तोवर ती वाढत नाही. मग पडद्यावर सत्तावीस उमटतं.

‘लागला.’

‘मग घ्या बसून,’ ती म्हणते, आणि भात वाढते.